वाचकांचे प्रश्न : युरियाच्या गोणीतला गॅस आणि इतर अवघड हिशेब

गेल्या अंकात घरगुती इंधनबचतीवर एक टिपण छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत एकतर स्वतःची पाठ थोपटलेली होती, नाहीतर स्वतःला बोल लावलेला होता. या दोन्हींच्या पलीकडे जाऊन सरळ हिशेब मागणारी पत्रे थोडी होती. त्यांतली पाच येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे गाळली आहेत. काही उत्तरे लांबली आणि काही आखूड राहिली, हा दोष सर्वस्वी माझा.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त शिक्षक असून कर्वेनगरला राहतो. दोन वर्षांपूर्वी घराच्या गच्चीवर तीन किलोवॉटचे सोलर पॅनेल बसवले. मुलाने विजेवरची मोटार घेतली. भाजीला आम्ही कापडी पिशवी नेतो. विजेचे बिल जवळजवळ शून्य येते. दिवाळीत फराळाला आलेल्या भाचीने सगळ्यांसमोर मला सांगितले, ‘मावशी, तुमचे निम्मे घर अजून कोळशावरच चालते.’ मला राग आला; पण उत्तर सुचले नाही. तिचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : बाई, भाचीचे म्हणणे बरोबर आहे, उलट तिने आकडा जरा कमीच सांगितला. मात्र त्यावरून तुम्ही केलेले वाया गेले असे ठरत नाही. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, ते जरा तपशिलाने पाहू.

तीन किलोवॉटचे पॅनेल पुण्यात वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे १२ युनिट वीज देते, एप्रिलमध्ये जास्त आणि आषाढ-श्रावणात बरीच कमी. ही वीज भर दुपारी तयार होते. त्या वेळी तुमच्या घरात फ्रीज आणि फार तर एखादा पंखा चालू असतो, म्हणून उरलेली वीज महावितरणच्या तारांत जाते. संध्याकाळी दिवे लागतात, रात्री मुलगा मोटार चार्जिंगला लावतो, तेव्हा तुम्ही तीच वीज परत घेता असे बिलावर दिसते. नेट मीटरिंग हा जमाखर्च आहे आणि जमाखर्च म्हणून तो चोख आहे. पण दुपारी दिलेली वीज रात्रीपर्यंत कोणी कोठीत भरून ठेवलेली नसते. रात्री तुमच्या प्लगपर्यंत येणारी वीज त्या क्षणी कुठेतरी तयार होत असते, आणि आपल्या राज्यात त्या ‘कुठेतरी’चा मोठा भाग म्हणजे कोळसा. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. कर्वेनगरच्या शून्य बिलामागची राख तिकडे पडते.

जून २०२५ अखेर देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा, तेल व वायू सोडून इतर स्रोतांचा झाला. ही बातमी तुम्ही वाचली असेल आणि ती खरी आहे. पण मंडईतले निम्मे गाळे तुमचे असले म्हणून निम्मी विक्री तुमची होत नाही. गाळा किती तास उघडा असतो त्यावर विक्री ठरते. सौर गाळा दुपारचे काही तास उघडतो, कोळशाचा रात्रंदिवस उघडा असतो. म्हणून गेल्या काही वर्षांत प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश वीज कोळशाचीच राहिली आहे.

आता मुलाच्या मोटारीकडे वळू. आपल्या जाळ्यातल्या एका युनिटामागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मध्यम आकाराची विजेवरची मोटार एका किलोमीटरला साधारण ०.१५ युनिट घेते, म्हणजे १०५ ग्रॅम. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल मोटारीचा आकडा सुमारे १५० ग्रॅम येतो. बचत झाली ती साधारण एक तृतीयांश. दुचाकीत ती निम्म्याच्या घरात जाते. हिरव्या नंबरप्लेटकडे पाहून जेवढे वाटते तेवढे हे नाही. पण तुमच्या भाचीच्या टोमण्यावरून वाटावे इतके कमीही नाही. मुलाला दुपारी कचेरीत गाडी चार्ज करण्याची सोय मिळाली, तर हा हिशेब आणखी सुधारेल.

इथवरचा विचार पुष्कळ लोक करतात. खरी अडचण पुढे, ताटात आहे.

युरियाची गोणी ४५ किलोची असते आणि शेतकऱ्याला ती सुमारे २६६ रुपयांना मिळते. आपल्या देशात युरिया प्रामुख्याने नैसर्गिक वायूपासून होतो. अलिबागजवळच्या थळ येथील मोठा कारखाना हे आपल्याला जवळचे उदाहरण. हवेतला नत्र आणि वायूतला हायड्रोजन प्रचंड दाबाखाली एकत्र आणून अमोनिया करण्याची ही रीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवली. कार्ल बॉश यांनी ती कारखान्यात आणली आणि १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. एक टन युरियाला सुमारे ५८ लाख किलोकॅलरी ऊर्जा लागते, असे धरून मी कागदावर गुणाकार केला. एका गोणीला अडीच लाखांहून थोडी जास्त ऊर्जा लागते, असे उत्तर आले. तुमच्या ओट्याखाली जो १४.२ किलोचा सिलिंडर आहे, त्यात दीड लाखाच्या किंचित वर ऊर्जा असते. म्हणजे शेतात फेकलेली प्रत्येक गोणी हे दीड सिलिंडरहून जास्त इंधन आहे, आणि ते पेटताना कोणालाच दिसत नाही. जगातले जवळजवळ निम्मे अन्न या कृत्रिम नत्रावर उभे आहे असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. तुम्ही पोळी विजेच्या शेगडीवर भाजलीत, तरी गव्हाच्या मुळाशी गॅस आधीच जळून गेलेला असतो.

घराच्या भिंतीही त्यातल्याच. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते. त्या भट्टीचे इंधन उद्या बदलता येईल, पण चुनखडीचा चुना होताना दगडातूनच जो कार्बन डायऑक्साइड सुटतो त्याचे काय करायचे? सिमेंटमुळे होणाऱ्या उत्सर्जनाचा निम्म्याहून अधिक भाग हा असा दगडातला आहे. कोथरूड-कर्वेनगरात सध्या गल्लोगल्ली पुनर्विकास चालला आहे. तिथे तीस-चाळीस वर्षांच्या धडधाकट इमारती पाडून बारा मजले उभे राहतात आणि वर सोलर बसवून ‘हरित’ म्हणून विकले जातात. हे पाहिले की मला तुमच्या जुन्या घराचे अधिक कौतुक वाटते.

एक शेवटची गंमत, रेल्वेने जाणाऱ्यांसाठी. डेक्कन क्वीन १९३० पासून विजेवर धावते याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. ती वीज पुरवण्यासाठी ठाकुर्लीच्या चोळा वीजघरात कोळसा जळत असे. आज तर नाते आणखी गुंतले आहे. रेल्वेच्या एकूण मालवाहतुकीत वजनाने निम्म्याच्या आसपास कोळसा असतो आणि प्रवासी भाड्यातला तोटा मालवाहतुकीच्या कमाईतून भरून निघतो. आपल्या स्वस्त तिकिटाचे काही पैसे अशा रीतीने कोळशाच्या वाघिणीच भरतात. कोळसा बंद करा म्हणणाऱ्याने हे भाडे कोण भरणार, तेही सांगावे लागते. बहुतेक जण सांगत नाहीत.

भाचीला पुढच्या वेळी हे सगळे ऐकवा आणि मग तिलाही तिचा हिशेब विचारा.

प्रश्न : पेट्रोल तीस वर्षांत संपणार, असे मी शाळेत वाचले होते. आज मी साठीचा आहे. ते संपत का नाही? (सहकारनगर)

उत्तर : कारण ‘साठा’ म्हणजे जमिनीत आहे तेवढे तेल नव्हे. आजच्या भावात आणि आजच्या तंत्राने काढायला परवडेल तेवढ्यालाच साठा म्हणतात. भाव वाढला किंवा तंत्र सुधारले की तोच खडक साठ्यात येऊन बसतो. अमेरिकेचे उत्पादन १९७० च्या सुमारास शिखर गाठेल असे किंग हबर्ट या भूवैज्ञानिकाने १९५६ मध्ये सांगितले होते आणि ते तसे घडलेही. पण पुढे शेल खडक फोडून तेल काढण्याचे तंत्र आले आणि २०१८ मध्ये ते शिखर मागे पडले. मुंबईजवळच्या समुद्रातल्या आपल्या बॉम्बे हाय या तेलक्षेत्राचे नशीब मात्र असे नाही. १९७४ मध्ये ते सापडले तेव्हा पेढे वाटले गेले. आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते.

तेल संपेल आणि आपोआप आपली सुटका होईल, या आशेवर आपण फार वर्षे बसलो. हवेला सोसेल त्यापेक्षा कितीतरी जास्त इंधन जमिनीत शिल्लक आहे. म्हणून थांबायचे झाले, तर ते असताना थांबावे लागेल; माणसाला याची सवय नाही.

प्रश्न : भोसरीत वडिलांचे छोटे वर्कशॉप आहे. दुचाकीच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह गाइड आम्ही जॉबवर्कवर करतो. सोबत एक नमुना पाठवत आहे. दोन सीएनसी मशीन, सात कामगार, एका मशीनचा हप्ता अजून चालू. कॉलेजात पर्यावरणावर बोलताना मला चोरट्यासारखे वाटते, आणि घरी विजेच्या गाड्यांचा विषय काढला की वडील ताटावरून उठतात. ‘याच तुकड्यांवर तू शिकलास’ असे ते म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : तुम्ही पाठवलेला तुकडा हे लिहिताना माझ्या टेबलावर आहे. बोटाच्या दोन पेरांएवढी नळी, आत सुमारे पाच मिलिमीटरचे भोक. खिडकीकडे धरून त्यातून पाहिले, तर आतला पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. या भोकातून व्हॉल्व्हची दांडी एका मिनिटात हजारो वेळा खालीवर होणार आणि मधली फट मायक्रॉनांत मोजायची. वडिलांच्या हातून गेल्या इतक्या वर्षांत असे किती लाख तुकडे गेले असतील, आणि त्यांतले किती जण मला रोज लक्ष्मी रस्त्यावर ओलांडून जात असतील, असा विचार मनात आला.

चोरट्यासारखे वाटायचे, तर ते एकट्या तुम्हालाच का वाटावे? हे अख्खे शहर इंजिनावर मोठे झाले. खडकीत १९४६ मध्ये डिझेल इंजिनांची कंपनी उभी राहिली. मुंढव्यात १९६१ मध्ये फोर्जिंगचा कारखाना निघाला आणि पुढे त्याचे क्रँकशाफ्ट परदेशी गेले. आकुर्डीची स्कूटर मिळावी म्हणून लोकांनी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिली. त्या पगारांवर सहकारी बँका, गृहरचना संस्था, नाटकांचे प्रयोग आणि आमच्यासारखी मासिकेही चालली. कर्वे रस्त्यावरचा प्राध्यापक पेट्रोलला नावे ठेवतो तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांची फी पिंपरी-चिंचवडमधूनच आलेली असते. वडिलांचे वाक्य खरे आहे आणि ते ऐकून घेण्याचे धैर्य तुमच्यात आहे, हे पत्रावरूनच कळते.

पण वाक्य खरे असले, तरी ऑर्डर टिकत नाही. विजेच्या दुचाकीत व्हॉल्व्ह नाही, म्हणून व्हॉल्व्ह गाइडही नाही. पिस्टन, रिंगा, कॅमशाफ्ट, कार्ब्युरेटर, सायलेन्सर, स्पार्क प्लग ही सगळी यादी एका फटक्यात जाते. ब्रेक, शॉक अब्सॉर्बर, स्टिअरिंगचे भाग, बेअरिंगच्या जागा, हाउसिंग हे मात्र राहते. आकुर्डीचीच चेतक २०२० मध्ये परतली ती विजेवर, हे वडिलांनाही माहीत असणार.

दुसऱ्या बाजूने, उद्या सकाळी शटर खाली येणार अशीही स्थिती नाही. रस्त्यावर असलेल्या कोट्यवधी गाड्यांना सुटे भाग लागत राहतील. ट्रॅक्टर आणि जनरेटर इतक्यात विजेवर जात नाहीत. २०२४ मध्ये सीएनजीवर चालणारी जगातली पहिली मोटरसायकल पुण्यातच बाजारात आली. वायू जाळणाऱ्या इंजिनालाही व्हॉल्व्ह लागतो. एवढेच की, मिळालेला वेळ हा वेळच आहे, तहहयात करार नव्हे, आणि हप्ता फिटेपर्यंतचा काळ तुमच्या हातात असावा असे वाटते.

म्हणून वडिलांशी हवामानावर बोलू नका. त्यांच्या यंत्रावर बोला. त्यांचे कौशल्य मायक्रॉनात भोक पाडण्याचे आहे, पेट्रोलचे नाही. हायड्रॉलिक व्हॉल्व्ह, पंप, वैद्यकीय उपकरणे, मोटरचे शाफ्ट या सगळ्यांना तेच लागते. पहिली पायरी म्हणून गेल्या तीन वर्षांतली बिले काढा आणि विजेच्या गाडीतही लागेल असे काम किती टक्के होते ते लिहा. तुमच्या पत्रावरून ते शून्य दिसते. तो शून्य वडिलांनी स्वतः कागदावर पाहणे आणि मुलाच्या तोंडून ऐकणे यांत फार फरक आहे. नव्या कामाच्या ड्रॉइंगसाठी मात्र त्यांनाच पुढे करा. तुम्ही मागे उभे राहा.

तुकडा परत पाठवत नाही, क्षमस्व. तो कागदांवर वजन म्हणून ठेवला आहे.

प्रश्न : आम्ही इंदापूर तालुक्यात आडसाली ऊस करतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. ते आमच्या शेतातले आहे, खनिज नाही. मग आम्हाला पाणी उधळणारे म्हणून पुण्याची मंडळी का हिणवतात?

उत्तर : हिणवणाऱ्यांनी आधी आपल्या गाडीच्या टाकीत वास घेऊन पाहावा, तुमचे पाणी तिथेच आहे. तरी तुमच्या ‘खनिज नाही’ या शब्दांना थोडी मुरड घालावी लागेल. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. तो सगळा युरियातून द्यायचा म्हटले, तर एकरी साडेसात-आठ गोण्या होतात. वर सांगितलेला दीड सिलिंडरचा हिशेब लावा, म्हणजे एकरामागे डझनभर सिलिंडर आधीच मातीत गेले. शिवाय त्या नत्राचा काही अंश नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो आणि तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापदायक असतो. पंपाची वीज वेगळीच.

असे असूनही ऊर्जेच्या ताळेबंदात ऊस फायद्यात राहतो, कारण कारखान्याचा बॉयलर चिपाडावर चालतो आणि निघणाऱ्या इथेनॉलच्या मानाने खतातला गॅस थोडा आहे. हे श्रेय तुमचे आहे. माझी शंका पाण्यावर आहे. सोळा-अठरा महिने शेतात उभे राहणारे पीक उजनीच्या पाण्यावर वाढवायचे, त्यातून इथेनॉल काढायचे, आणि ते सिग्नलला इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीत जाळायचे. तेही असे की इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असल्याने वीस टक्के मिश्रणाच्या लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमीच भरते. यात दोष शेतकऱ्याचा कमी आणि गाडी मोठी हवीच असे मानणाऱ्याचा अधिक आहे. ठिबक केले असेल, तर मात्र तुमच्याशी कोणी वाद घालू नये.

प्रश्न : दोनशे वर्षे कोळसा आणि तेल जाळून पाश्चात्त्य देश श्रीमंत झाले. आपण आता कुठे जाळायला लागलो, तर उपदेश आपल्याला! हा अन्याय नाही का? (औंध)

उत्तर : आहे. आजवर हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी एक चतुर्थांशाच्या आसपास एकट्या अमेरिकेचा आहे. आपला वाटा तीन-चार टक्के. दर माणशी पाहिले तर वर्षाला आपण सुमारे दोन टन सोडतो, जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या जवळ आहे आणि अमेरिकेची चौदाच्या आसपास. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत आपण निव्वळ शून्यासाठी, म्हणजे हवेत सोडू तेवढे परत शोषले जाईल या स्थितीसाठी, २०७० हे वर्ष जाहीर केले, त्यामागे हा युक्तिवाद होता आणि तो भक्कम आहे.

पण ‘आपण दोन टन’ म्हणताना हा ‘आपण’ कोण, ते औंधात बसून एकदा विचारायला हवे. ती सरासरी खाली धरून ठेवली आहे ती वेल्ह्याच्या डोंगरात अजून सरपणाचा भारा डोक्यावर आणणाऱ्या बाईने, चंद्रपूरच्या राखेत राहून महिन्याला साठ युनिट वीज वापरणाऱ्या घराने, पीएमपीच्या बसला लोंबकळत हडपसरला जाणाऱ्याने. त्यांच्या गरिबीचा आकडा पुढे करून आपण आपल्या दोन एसींचे समर्थन करतो. मुळशीचे धरण होताना १९२१ मध्ये सेनापती बापट आणि मावळे शेतकरी सत्याग्रहाला उतरले, तेव्हाही वीज मुंबईला आणि बुडालेली जमीन मुळशीकरांची अशीच वाटणी होती. आणि ती तर पाण्यावरची, धूर नसलेली वीज होती. देशादेशांतला अन्याय खरा असला की घरातला अन्याय झाकायला तो फार सोयीचा पडतो.

एक लहानसे माप देतो. पुण्याहून दिल्लीला विमानाने एकदा गेले की माणशी शंभर किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड होतो. एका लिटर पेट्रोलचा २.३ किलो धरला, तर जाऊन-येऊन साधारण शंभर लिटर पेट्रोल झाले. कचेरीसाठी रोज वीस किलोमीटर स्कूटर चालवणारा माणूस तेवढ्यात आठ-नऊ महिने काढतो. गेल्या डिसेंबरात एका लग्नासाठी मी स्वतः दिल्लीला विमानाने जाऊन आलो. रेल्वेची तिकिटे होती. रात्रीचा प्रवास नको वाटला.